दीनानाथ मंगेशकर : एका अल्पायुषी गायकाचे नाव आणि वारसा

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे स्थान निश्चित करताना अभ्यासकापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. त्यांच्या मुलांनी मिळविलेली कीर्ती इतकी मोठी आहे, की पित्याचे चरित्र बहुधा त्या कीर्तीची प्रस्तावना म्हणूनच वाचले जाते. अशा वाचनात दीनानाथ स्वतःच्या काळात काय होते, हे बाजूस राहते आणि ते कोणाचे वडील होते, एवढेच शिल्लक उरते.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी झाला आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय अवघे ४१. मागे पत्नी आणि पाच मुले होती. त्यांतील थोरली कन्या साडेबारा वर्षांची आणि एकुलता एक मुलगा साडेचार वर्षांचा होता. आपल्याकडे गाणे बापाकडून मुलाकडे अथवा गुरूकडून शिष्याकडे जावयाचे, तर त्यास पंधरा-वीस वर्षांचा सहवास लागतो, अशी घराण्यांची समजूत आहे. दीनानाथांच्या घरी ही वर्षे मिळालीच नाहीत. असे असूनही त्यांच्या गायकीचा ठसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी गाण्यावर स्पष्ट दिसतो. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी त्यांचे नाव, त्यांच्या भूमिका, त्यांचे घर आणि त्यांची गायकी यांचा क्रमाने मागोवा घेतला आहे.

१

गोमंतकातील फोंडे तालुक्यात, प्रियोळ गावच्या हद्दीत श्रीमंगेशाचे देवस्थान आहे. या दैवताचे मूळ स्थान साष्टी प्रांतातील कुशस्थळी होय. १५६० मध्ये, पोर्तुगीज अमदानीतील धर्मच्छळाच्या काळात, भक्तांनी शिवलिंग झुवारी नदीपलीकडे आणले. त्या वेळी फोंडे महाल पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. देवाच्या वास्तव्यामुळे या वस्तीस मंगेशी हे नाव मिळाले. दीनानाथांचा जन्म याच वस्तीतला.

गोमंतकातील मोठ्या देवस्थानांत पूजाअर्चा करणारी भटांची कुटुंबे आणि देवापुढे गायन-नर्तनाची सेवा करणारा कलावंत वर्ग, अशा दोन निरनिराळ्या परंपरा एकाच आवारात नांदत असत. दीनानाथांचे वडील गणेशभट्ट हे श्रीमंगेशाचे पुजारी. देवावर अभिषेक करण्याच्या अधिकारावरून त्यांच्या घराण्यास अभिषेकी म्हणत. आई येसूबाई राणे या देवस्थानाशी बांधलेल्या कलावंत समाजातील होत्या. त्या काळच्या समाजव्यवस्थेत पित्याचे पौरोहित्य या मुलास मिळणे शक्य नव्हते. ‘अभिषेकी’ हे आडनाव अधिकारवाचक आहे. जेथे अधिकार नाही तेथे ते नावही नाही, असा हा रोकडा व्यवहार होता.

दीनानाथांनी जे आडनाव लावले ते ‘मंगेशकर’. मराठीत व कोकणीत ‘-कर’ हा प्रत्यय गावाच्या नावास लागून रहिवासवाचक नाम सिद्ध होते. गोमंतकातील गाणाऱ्यांची नावे पाहिली तर या प्रत्ययाच्या आधारे गावांचा एक नकाशाच तयार होतो. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, तर ज्यांच्याकडे दीनानाथांचे आरंभीचे शिक्षण झाले ते बाबा माशेलकर माशेलचे. यांतील कुर्डी हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. परंतु मोगूबाईंच्या नावात ते राहिले आहे. ज्या समाजास पित्याचे नाव लावण्याचा मार्ग मोकळा नव्हता, त्याने गावाचे नाव लावले आणि आपल्या विद्येने त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली, असा याचा अर्थ आहे.

‘मंगेशकर’ या रूपाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ईकारान्त गावनावास ‘-कर’ लागताना दोन प्रकार आढळतात. ‘कुर्डी’पासून ‘कुर्डीकर’ होताना अन्त्य ईकार टिकतो. ‘केरी’पासून ‘केरकर’ होताना तो लोपतो. ‘मंगेशी’पासून ‘मंगेशकर’ हे रूप दुसऱ्या प्रकारात बसते. परंतु ईकार लोपल्यावर जे उरते ते ‘मंगेश’, म्हणजे खुद्द दैवताचे नाव. ‘मंगेशीकर’ या रूपाने केवळ गावाचा बोध झाला असता. ‘मंगेशकर’मध्ये गाव आणि देव दोन्ही एकत्र ऐकू येतात. अभिषेकाचा अधिकार ज्यास नव्हता त्याच्या नावात देव अशा रीतीने कायमचा आला. पुढे हे आडनाव भारतभर पोचले. मंगेशी हे गाव गोमंतकाबाहेर ठाऊक झाले, त्यातही या नावाचा वाटा मोठा आहे.

२

नावाआधीचे ‘मास्टर’ हे पदही विचार करण्यासारखे आहे. लॅटिनमधील ‘मॅगिस्टर’ या एकाच मूळ शब्दाची अनेक रूपे आपल्या भाषेत निरनिराळ्या वाटांनी आली आहेत. पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून गोव्यात सुतारास ‘मेस्त’ व मराठीत कारागिरास ‘मिस्त्री’ हे शब्द रूढ झाले. इंग्रजीतून आलेल्या शब्दाची पुन्हा दोन रूपे झाली. शाळेत शिकविणारा तो ‘मास्तर’. या शब्दात तकार दन्त्य होऊन तो पुरता मराठी झाला आहे. नाटकाच्या जाहिरातीत मात्र ‘मास्टर’ हे मूर्धन्य टकाराचे रूप राहिले आणि त्याचा अर्थही वेगळा राहिला. इंग्रजीत अल्पवयीन मुलाच्या नावामागे जे ‘मास्टर’ लावीत, त्यास अनुसरून कंपनीतील बालनटांना हे पद लावण्याची प्रथा पडली. मास्टर कृष्णराव, मास्टर विनायक यांच्याप्रमाणे दीनानाथांच्या बाबतीतही हे मुलाचे पद मोठेपणी गळून पडले नाही. पाच मुलांचा बाप झाल्यावरही ते जाहिरातीत ‘मास्टर’च होते.

बालवयात ते किर्लोस्कर संगीत मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जी परंपरा सुरू केली तिचीच ही मंडळी. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा किर्लोस्कर मंडळीस गाणाऱ्या मुलांची मोठी निकड भासली. दीनानाथांचा उदय या पोकळीत झाला. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. गोड गळ्याच्या मुलास कंपनीत जे महत्त्व असे, त्याचे हेही एक कारण होते.

१९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ यांनी मिळून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथ त्या वेळी अठरा वर्षांचेही नव्हते. कंपनीचा मालक होणे म्हणजे बिऱ्हाडे, पडदे, पोशाख, प्रवास आणि दररोजच्या पंगतीचा खर्च अंगावर घेणे होय. ज्या वयात गवयाने तंबोऱ्यापुढे बसून तालीम घ्यावयाची, त्या वयात हा संसार त्यांच्यावर आला. कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रातून त्या काळच्या नाटकमंडळींच्या या बाजूचे यथार्थ दर्शन घडते. या ग्रंथास १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

३

बळवंत मंडळीने राम गणेश गडकरी यांचे ‘भावबंधन’ त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आणले. त्यात कोल्हटकर घनश्याम आणि दीनानाथ लतिका होत. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’मध्ये त्यांनी तेजस्विनीची भूमिका केली. १९३१ साली विनायक दामोदर सावरकर यांचे ‘संन्यस्त खड्ग’ आले. त्यात ते सुलोचना होते. सावरकर तेव्हा रत्नागिरीस स्थानबद्ध होते. किर्लोस्कर मंडळीने १९११ साली प्रथम केलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त मात्र दीनानाथांनी धैर्यधर हा पुरुषनायक गाजविला. स्त्रीभूमिका आणि वीरनायक या दोहोंत लोकमान्यता मिळविणे ही त्या काळीही सामान्य गोष्ट नव्हती.

त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी समकालीनांशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. बालगंधर्वांचे गाणे शब्दाच्या भावास धरून सावकाश फुलणारे. ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचे गाणे भरघोस आणि पल्लेदार. केशवरावही अल्पायुषीच. १९२१ साली ३१ व्या वर्षी ते निवर्तले. दीनानाथांचे गाणे या दोहोंहून वेगळे होते. त्यांची तान चपळ, तुटक वळणांची आणि अनपेक्षित ठिकाणी उसळी घेणारी असे. टप्प्याच्या अंगाच्या फिरक्या आणि पंजाबी ढंगाच्या चाली यांचा त्यांनी नाट्यपदात मुक्तपणे उपयोग केला. श्रोत्यास पुढील स्वराचा अंदाज बांधता येऊ नये आणि तो आल्यावर मात्र दुसरा स्वर तेथे शोभलाच नसता असे वाटावे, हे या गायकीचे मर्म होय.

ही गायकी केवळ उपजत गळ्यावर उभी नव्हती. ग्वाल्हेर परंपरेतील रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. ‘रणदुंदुभी’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांच्या चाली वझेबुवांच्याच. म्हणजे गुरूने शिष्याचा गळा डोळ्यांपुढे ठेवून चाली बांधल्या आणि शिष्याने त्या रंगभूमीवर वाढविल्या, असा हा दुहेरी व्यवहार होता. ‘मानापमाना’च्या चाली तर टेंब्यांनी दिलेल्या. त्यांतील धैर्यधराच्या काही पदांना दीनानाथांनी स्वतःचे वळण दिले, आणि पुढील पिढ्यांतील अनेक गायकांनी ती पदे त्याच वळणाने गाइली. मूळ रचना कायम ठेवून तिची दुसरी वाचना रूढ करणे, हे मौखिक परंपरेत कर्तृत्वाचेच लक्षण मानावे लागेल.

४

दीनानाथांचा पहिला विवाह खानदेशातील थाळनेर येथील लाड घराण्यातील नर्मदा यांच्याशी झाला. त्या अकाली वारल्यावर त्यांच्याच भगिनी शेवंती यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या संसारातील पहिली कन्या २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे जन्मली. तिचे नाव प्रथम हेमा ठेवले होते. पुढे ते बदलून लता ठेवण्यात आले, आणि त्यामागे ‘भावबंधना’तील लतिका होती, असे सांगितले जाते. पित्याने रंगभूमीवर ज्या स्त्रीची भूमिका केली तिचे नाव त्याच्या मुलीस मिळाले, असा प्रकार संगीत नाटकाच्या युगाबाहेर क्वचितच संभवला असता. पुरुष स्त्रीभूमिका करीत त्या काळाची ही एक खूण एका व्यक्तिनामात अशी राहून गेली आहे.

लतामागून मीना, आशा, उषा आणि १९३७ साली हृदयनाथ, अशी ही भावंडे. घर कंपनीच्या बिऱ्हाडाशी जोडलेले. सकाळी तालीम, रात्री प्रयोग, घरात शिकावयास राहिलेली मुले, असा त्या घराचा क्रम. मुलांना समोर बसवून गाणे शिकविण्याचा विचार वडिलांच्या मनात आरंभी नसावा, असे दिसते. लता मंगेशकर यांनी वेळोवेळी सांगितलेली एक हकीकत या दृष्टीने महत्त्वाची आहे. दीनानाथ एका शिष्यास पूरिया धनाश्री शिकवीत होते. ते कामानिमित्त बाहेर गेले असता शिष्य चुकू लागला, तेव्हा पाच वर्षांच्या लताने त्यास ती जागा बरोबर गाऊन दाखविली. हे वडिलांनी परत येताना ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवून त्यांनी तंबोऱ्यासह समोर बसविले.

या हकीकतीकडे विलक्षण बालप्रतिभेचे उदाहरण म्हणून पाहण्याची प्रथा आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने तीत आणखी एक गोष्ट आहे. शिकवणी सुरू होण्यापूर्वीच शिक्षण पुष्कळसे झाले होते. मूल भाषा शिकते ते व्याकरणाच्या धड्यांनी नव्हे. आजूबाजूच्या बोलण्यातून ध्वनी, क्रम आणि नियम ते आपोआप उचलते, आणि चुकीचे वाक्य कानी पडले की नियम सांगता आला नाही तरी ते चूक आहे हे त्यास कळते. त्या मुलीने शिष्याची चूक ओळखली ती नेमकी याच रीतीने. दीनानाथांच्या घरी गाणे ही मातृभाषेसारखी गोष्ट होती, असे म्हणण्यास येथे सबळ आधार मिळतो.

प्रत्यक्ष तालमीची वर्षे यानंतर जेमतेम सात. त्यांतच १९३८ साली सोलापूर येथे पित्याच्या मैफलीत नऊ वर्षांची लता प्रथम लोकांपुढे गाइली. वडील आणि मुलगी एका बैठकीवर गात आहेत, असे प्रसंग यापुढे फार आले नाहीत.

५

‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, मार्च १९३१ मध्ये, ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला. बोलपटाचे तिकीट स्वस्त, खेळ दिवसातून अनेक वेळा, आणि नटसंच गावोगाव हलविण्याचा खर्च नाही. मोठमोठ्या नाटकमंडळ्यांचे गणित यामुळे कोसळले. बळवंत मंडळीने १९३३ साली विश्राम बेडेकर यांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक केले आणि नंतर स्वतःच बोलपटाच्या धंद्यात उडी घेतली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा तिचा बोलपट १९३४ सालचा. तो चालला नाही. बेडेकरांचा या मंडळींशी निकटचा संबंध होता आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या काळाविषयी लिहिले आहे.

दीनानाथांच्या अपयशाचा विचार करताना व्यक्तिगत दोषांवर भर देण्याचा मोह चरित्रकारांस पडतो. परंतु त्याच सुमारास बालगंधर्वांनीही बोलपटाचा आश्रय घेऊन पाहिला. १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’मध्ये ते दिसले, आणि लवकरच रंगभूमीकडे परतले. म्हणजे एका संपूर्ण व्यवसायावर आलेले हे संकट होते. रंगभूमीवर गायकाला प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’बरोबर पद वाढविण्याची मुभा असे. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. बोलपटातील गीतही प्रसंगाच्या मापाने कापलेले. ज्या गायकाचे बळ ऐन वेळी सुचणाऱ्या वळणात होते, त्यास ही नवी मापे अपुरी पडली, हे स्वाभाविकच होय.

कंपनी बुडाली, सांगलीचे वैभव ओसरले. मैफली आणि नभोवाणीवरील कार्यक्रम यांवर चरितार्थ चालू राहिला. ज्योतिषाचा व्यासंग त्यांना पूर्वीपासून होताच. अखेरच्या काळात कुटुंब पुण्यास आले आणि तेथेच आजारपणात दीनानाथांचा अंत झाला. त्यांचे गुरू वझेबुवा त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, १९४५ साली, निवर्तले. गुरूच्या आधी शिष्य गेला.

कुटुंबीयांनी सांगितलेल्या आठवणींत पित्याने मागे ठेवलेल्या वस्तूंचा उल्लेख येतो तो दोनच गोष्टींचा : तंबोरा आणि चिजांची वही. त्याच वर्षी मास्टर विनायक यांच्या आश्रयाने थोरल्या मुलीने ‘पहिली मंगळागौर’ या बोलपटात काम केले. ज्या बोलपटाने वडिलांची कंपनी मोडली त्याच बोलपटाने मुलांचे घर चालविले.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दीनानाथांची गायकी कोणाकडे गेली? घराण्याच्या रूढ अर्थाने ती मुलांकडे गेली, असे म्हणता येत नाही. लता मंगेशकर यांनी पुढे अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शिक्षण घेतले. हृदयनाथ अमीर खाँ यांचे शिष्य झाले. दोघांसही पित्याची विद्या पुरती मिळण्यापूर्वीच दुसरे गुरू करावे लागले. मुलांस जे मिळाले ते प्रायः श्रवणाचे संस्कार होते : सुराची नेमकी जागा, शब्दोच्चाराची शुद्धता आणि अवघड वळणाची भीती नसणे. हृदयनाथांच्या चालींतील उड्या आणि अनपेक्षित वळणे ऐकताना दीनानाथांची आठवण जाणत्यांस होते. साडेचार वर्षांच्या मुलास हे समोर बसून शिकविलेले असणे शक्य नाही. घरातील मोठ्या भावंडांचे गाणे, ध्वनिमुद्रिका आणि ती चिजांची वही यांच्या द्वारे ते पोचले असले पाहिजे. आशा भोसले यांनी पित्याची नाट्यपदे पुढे ध्वनिमुद्रित केली, तीही याच वाटेने पुन्हा मिळविलेली ठेव होय.

गायकीचा प्रत्यक्ष वारस म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते ते वसंतराव देशपांडे रक्ताच्या नात्याचे नव्हते. दीनानाथ गेले तेव्हा ते बावीस वर्षांचेही नव्हते. दीनानाथांना ते गुरुस्थानी मानीत, आणि ती चपळ तान व तो लयीचा खेळ त्यांनी स्वतःच्या प्रकृतीनुसार वाढविला. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्यांनी खाँसाहेबांची भूमिका केली, तेव्हा दीनानाथांच्या मृत्यूस पंचवीस वर्षे होऊन गेली होती. नव्या पिढीच्या प्रेक्षकांनी त्या वळणाचे गाणे रंगभूमीवर पुन्हा ऐकले. त्या नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. तेही मंगेशीचेच. ‘अभिषेकी’ आणि ‘मंगेशकर’ ही एकाच देवळाच्या आवारातून दोन दिशांना गेलेली नावे. त्यांतील एका नावाच्या चाली आणि दुसऱ्या नावाची गायकी त्या रंगमंचावर एकत्र आली.

यावरून परंपरेविषयी एक सामान्य निष्कर्ष काढता येतो. गुरुशिष्यांच्या दीर्घ सहवासाने गाणे टिकते, हे खरे. परंतु तो सहवास मृत्यूने तोडला तर गाणे नष्टच होते, असे नाही. ते फुटून अनेक वाटांनी जाते. दीनानाथांचे काही गाणे मुलांच्या कानांत राहिले, काही वहीत लिहिले गेले, काही तीन मिनिटांच्या तबकडीवर उतरले, काही एका परक्या घरच्या तरुणाने उचलले आणि काही एका आडनावात उरले. या वाटांपैकी कोणतीही एकटी पुरेशी नव्हती.

दीनानाथांचे नाव पुढे पणजी येथील कला अकादमीच्या कलामंदिरास, विलेपार्ले येथील नाट्यगृहास आणि पुण्यातील रुग्णालयास देण्यात आले. ही स्मारके बहुतांशी मुलांच्या कीर्तीच्या काळात उभी राहिली. त्यांचे स्वतःचे असे जे आहे, ते धैर्यधराच्या पदांना त्यांनी दिलेले वळण होय. नाट्यसंगीताच्या बैठकीत गायक ती पदे घेतो, तेव्हा टेंब्यांच्या मूळ चालीने जावयाचे की दीनानाथांच्या, याचा निर्णय त्यास प्रथम करावा लागतो.